रेल्वे, वीज कंपन्या आणि मनोरे: त्यांच्या जमिनींची घरपट्टी खान्देशातील गावांनी कशी आकारावी

चार वर्षांनी येणारी फेरआकारणी जवळ आली की भुसावळ, चाळीसगाव, साक्री, शिंदखेडा अशा तालुक्यांतील ग्रामपंचायतींच्या मासिक सभेत एक विषय हमखास निघतो. गावाच्या शिवारातून लोहमार्ग जातो, उपकेंद्र आहे, डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, मग यांच्याकडून पट्टी किती घ्यायची? शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडी रेकनर) जमिनीचे दर वाढलेले असतात, गावाचा खर्चही वाढलेला असतो, आणि मोठ्या जमीनधारकाकडून मोठी रक्कम मागावी असे सदस्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रक्कम ठरवण्याआधी ती कोणत्या नावाने मागायची हे ठरवावे लागते. मालमत्ता कर, सेवा शुल्क आणि ठोक अंशदान (करांऐवजी कराराने ठरलेली एकत्रित रक्कम) हे तीन वेगवेगळे पैसे असून प्रत्येकाचा कायदा, कागद आणि वसुलीचा मार्ग निराळा आहे. चुकीच्या नावाने काढलेले बिल वसूल तर होत नाहीच, उलट नमुना ९ मध्ये, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीत, मागणी म्हणून चढते, वर्षानुवर्षे थकबाकी फुगवते आणि गावाच्या वसुलीची टक्केवारी खाली ओढते.

आधी मालकी, मग मोजमाप

पहिले काम कार्यालयात बसून नव्हे, तर सातबारा, ८-अ, मिळकत पत्रिका आणि गाव नकाशा हातात घेऊन शिवारात करायचे आहे. ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि दोन सदस्य एवढी माणसे पुरतात. लोहमार्गाची जुनी पट्टी गाव नकाशात अनेकदा स्वतंत्र गट क्रमांकाशिवाय दाखवलेली असते, तर तिसऱ्या किंवा चौथ्या मार्गासाठी अलीकडे संपादन केलेले तुकडे फेरफाराने रेल्वेच्या नावावर आलेले असतात. काही तुकड्यांचा फेरफार रखडलेला असल्याने उताऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचेच नाव दिसते. अशा तुकड्याची आकारणी शेतकऱ्याच्या माथी मारली जाऊ नये म्हणून संपादनाचा निवाडा आणि ताबा पावती पाहूनच नोंद करावी. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी संबंधित संस्थेला लेखी बोलावणे पाठवावे. आपण एकट्याने मोजलेली हद्द पुढे वादात टिकत नाही.

या फेरीत प्रत्येक जागेसाठी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत: जमीन कोणाची, तिच्यावरील बांधकाम कोणाचे, आणि वापर कोण व कशासाठी करतो. तिन्हींचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरू नये. नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे नाव असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ एखाद्या खासगी सिमेंट व्यापाऱ्याने भाडेपट्ट्यावर घेतलेल्या जागेत स्वतःच्या खर्चाने पत्र्याचे गोदाम बांधले असेल, तर जमिनीच्या मालकाच्या रकान्यात भारत सरकार येईल, पण गोदाम त्या व्यापाऱ्याचे आहे. भरताना ‘रेल्वे’ एवढाच एक शब्द दोन्ही रकान्यांत टाकून मोकळे होण्याची सवय अनेक ठिकाणी आहे आणि त्यामुळे कायद्याने मिळू शकणारा कर गाव आपल्या हाताने सोडून देते.

रेल्वेच्या जमिनीवर कर का लागत नाही

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ च्या पहिल्या खंडानुसार संघराज्याच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातील कोणत्याही प्राधिकरणाला कर लावता येत नाही. संसदेने कायद्याने वेगळी तरतूद केली तरच तो लावता येतो. भारतीय रेल्वेची जमीन, स्थानके, यार्ड, वसाहती हे सगळे संघराज्याच्या मालकीचे असल्याने ते या संरक्षणाखाली येते. त्याच्या जोडीला रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १८४ आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढून रेल्वे प्रशासनाला एखाद्या करासाठी जबाबदार ठरवल्याशिवाय स्थानिक संस्थेचा कर रेल्वेवर लागू होत नाही, आणि अधिसूचना निघाली तरी केंद्राने नेमलेला अधिकारी कराऐवजी वाजवी रक्कम ठरवू शकतो. रेल्वेच्या हद्दीतील जाहिरातींवरील करासाठी कलम १८५ मध्ये अशीच अट आहे, म्हणून स्थानकाबाहेरच्या फलकावर थेट रेल्वेला बिल पाठवण्याआधी ते वाचावे. मराठवाड्यातील पूर्णा नगरपालिकेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे निकाल रेल्वेच्या बाजूने लागला, ही गोष्ट रेल्वेचे विधी अधिकारी उत्तरात नेमाने लिहितात.

अनुच्छेद २८५ च्या दुसऱ्या खंडात एक अपवाद आहे. संविधान लागू होण्याच्या लगेच आधी, म्हणजे २६ जानेवारी १९५० पूर्वी, एखाद्या मालमत्तेवर कर लागू होता किंवा ती करपात्र समजली जात होती, तर तो कर संसदेने अन्यथा ठरवेपर्यंत चालू राहू शकतो. भुसावळसारख्या जुन्या नगरपालिकांनी आपल्या अभिलेख कक्षातील त्या काळच्या आकारणी वह्या या दृष्टीने काढून पाहाव्यात. मात्र तो कर त्यानंतर खंड न पडता चालू राहिला होता का, हेही त्याच वह्यांतून दाखवावे लागते. ग्रामपंचायतींपैकी फारच थोड्या गावांकडे असा पुरावा असेल. त्यांनी या वाटेवर वेळ घालवू नये असे माझे मत आहे.

रेल्वेकडून मागायचे ते सेवा शुल्क

कर लागत नाही म्हणून रेल्वेकडून काहीच मिळत नाही, असे मात्र नाही. राजकोट महानगरपालिका विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर २००९ च्या आदेशात जी व्यवस्था नोंदवली, तिच्यानुसार केंद्र सरकार व त्याचे विभाग मालमत्ता कर भरणार नाहीत, पण स्थानिक संस्था ज्या सेवा देते त्यांच्यासाठी सेवा शुल्क भरतील आणि त्यासाठी करार करतील. सर्व सेवा घेतल्या जात असतील तर एरवी लागला असता त्या मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही सेवा घेतल्या जात असतील तर ५० टक्के, आणि सेवा घेतल्याच जात नसतील तर ३३ १/३ टक्के, असे प्रमाण त्यात आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने डिसेंबर २००९ मध्ये त्यानुसार परिपत्रक काढले. रेल्वे कायद्याच्या कलम १८४ मध्येही पाणी, दिवाबत्ती, सफाई अशा सेवांसाठी रेल्वेने स्थानिक संस्थेशी करार करण्यास आडकाठी नाही असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा दोन्ही वाटा शेवटी कराराकडेच जातात. हे प्रकरण महानगरपालिकेचे असल्याने ग्रामपंचायतीने आपल्या पत्रात कलम १८४ चा आधार पुढे ठेवावा आणि राजकोटचे प्रमाण रक्कम ठरवण्याची पद्धत म्हणून मांडावे.

हिशोब सोपा आहे. रेल्वे वसाहत खासगी मालकाची असती तर तिच्यावर वर्षाला ४,००,००० रुपये कर बसला असता असे धरले, तर सर्व सेवांसाठी ३,००,००० रुपये, काही सेवांसाठी २,००,००० रुपये आणि सेवा नसल्यास सुमारे १,३३,३३३ रुपये इतके शुल्क होते. खरा वाद टक्केवारीवरून होतो. रेल्वेची स्वतःची पाणीयोजना आणि स्वतःचे सफाई कामगार असतील तर ती सर्वात खालच्या प्रमाणावर बोट ठेवणार, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून प्रस्तावासोबत पुरावा जोडावा: घंटागाडी वसाहतीत कोणत्या दिवशी येते याची नोंदवही, वसाहतीपर्यंतच्या रस्त्याच्या डागडुजीची देयके, पथदिव्यांची यादी, वसाहतीतील सांडपाणी कोणत्या गटारातून वाहते याचा नकाशा, अग्निशमन बंब गेला असेल त्या दिवसाची नोंद. एवढे कागद जमले की चर्चा ‘देता का’ यावरून ‘किती देता’ यावर येते. ग्रामपंचायत नळजोडणीतून जे पाणी मोजून देते त्याची पाणीपट्टी हा वेगळा विषय आहे. तिचे बिल नियमित काढावे, ती सेवा शुल्कात गुंतवून ठेवू नये.

पत्र कोणाला लिहायचे यात खान्देशात नेहमी घोटाळा होतो. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्याने सगळी पत्रे तिथे जातात. चाळीसगाव, पाचोरा, जामनेर, चाळीसगाव ते धुळे शाखा यांच्यासाठी ते बरोबरच आहे. पण नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव हा ताप्ती खोऱ्याचा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात येतो, आणि तिथले पत्र भुसावळला गेले तर ते परत तरी येते किंवा टेबलावर पडून तरी राहते. पत्र विभागीय व्यवस्थापकांच्या नावे लिहून प्रत विभागीय अभियंत्याला द्यावी, कारण जमिनीचे आराखडे त्यांच्या कार्यालयात असतात. पत्राच्या विषयात ‘मालमत्ता कर थकबाकी’ असे शब्द घातले की उत्तरात अनुच्छेद २८५ चा परिच्छेद ठरलेला. ‘पुरविलेल्या नागरी सेवांबाबत सेवा शुल्काचा करार करणेबाबत’ असा विषय लिहावा.

रेल्वेच्या जमिनीवरचे खासगी, आणि सरकारी असूनही सरकार नसलेले

संरक्षण संघराज्याच्या मालमत्तेला आहे, त्या जमिनीवर व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला नाही. भाडेपट्ट्याने जागा घेऊन स्वतःचे बांधकाम करणारा गोदामवाला, मालवाहतूक टर्मिनल चालवणारी कंपनी, मार्गाच्या कामासाठी काँक्रीट मिश्रणाचा प्रकल्प आणि कार्यालय उभारणारा ठेकेदार हे सगळे आपल्या बांधकामापुरते करदाते ठरतात. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये रेल्वे जमिनीचे धोरण बदलून मालवाहतुकीशी संबंधित कामांसाठी ३५ वर्षांपर्यंत भाडेपट्टा देण्याची सोय केली; त्यामुळे अशा बांधकामांची संख्या पुढे वाढेल, हे गृहीत धरून फेरी करावी. भाडेपट्ट्याची प्रत मागून घ्यावी आणि स्थानिक कर कोणी भरायचा याचे कलम त्यात काय म्हणते ते पाहावे.

भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवले की केंद्राचे सगळे भागभांडवल असले तरी महामंडळ ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि तिची मालमत्ता संघराज्याची मालमत्ता नव्हे. हेच सूत्र कंपनी रूपातील इतर सार्वजनिक उपक्रमांना लागू पडते. वरणगाव आणि भुसावळ येथील आयुध निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून अनुक्रमे म्युनिशन्स इंडिया आणि यंत्र इंडिया या कंपन्यांकडे आल्या. तिथल्या जमिनी व इमारतींची मालकी आज कोणाच्या नावे आहे, कंपनीच्या की केंद्राच्या, हे उताऱ्यावरून ठरवल्याशिवाय जुनी नोंद तशीच पुढे ओढू नये.

वीज कंपन्या, पवनचक्क्या, सौर प्रकल्प

महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या २००५ मध्ये विद्युत मंडळाच्या विभाजनातून झालेल्या राज्याच्या कंपन्या आहेत. अनुच्छेद २८५ त्यांना लागू नाही. मात्र ग्रामविकास विभागाने महावितरण व महापारेषण यांच्या पायाभूत सुविधांवर ग्रामपंचायतीने कर आकारू नये असे परिपत्रक २०१८ मध्ये काढले आहे. पथदिव्यांचे बिल थकले म्हणून वीज तोडली गेली की गावे खांब आणि रोहित्रे मोजून लाखांची बिले काढतात, आणि कंपनी हे परिपत्रक पुढे करते. हा खेळ दर उन्हाळ्यात होतो. पथदिव्यांच्या बिलातून कराची रक्कम परस्पर वळती करू नये. तशी समायोजनाची लेखी संमती असल्याशिवाय ती थकबाकीच ठरते. परिपत्रकात नेमक्या कोणत्या मालमत्तेचा उल्लेख आहे ते शब्दशः वाचून मगच कार्यालय, वसाहत, विश्रामगृह यांच्याबाबत निर्णय घ्यावा.

ग्रामपंचायतीचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मधून येतो. गावाच्या हद्दीतील इमारतींवर कर लावता येतो, आणि जमिनींपैकी ज्यांवर शेतसारा आकारला जात नाही अशाच जमिनींवर लावता येतो. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर किंवा शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पाच्या परिसरात हा भेद फार कामाचा आहे: भाड्याने दिलेल्या शेतजमिनीवर शेतसारा चालूच असेल तर जमिनीवर घरपट्टी बसत नाही, नियंत्रण कक्ष, भांडारगृह, पहारेकऱ्याची खोली ही बांधकामे मात्र इमारती आहेत. प्रकल्प ज्या शासकीय धोरणाखाली मंजूर झाला त्यात स्थानिक करांची सवलत आहे का, तेही मंजुरीपत्रावरून पाहावे.

मोबाईल मनोऱ्यांबाबत डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात मनोरा ही करपात्र ‘इमारत’ असल्याचे मान्य केले. त्यानंतर दूरसंचार अधिनियम, २०२३ आला आणि त्याच्या कलम १४ नुसार मालमत्तेवर उभारलेले दूरसंचार जाळे त्या मालमत्तेचा भाग समजले जाणार नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. म्हणून मनोऱ्यांचा कर वाढवण्याचा ठराव घेण्याआधी जिल्हा परिषदेमार्फत विधी अभिप्राय घ्यावा, आणि मनोऱ्याचा कर घरमालकाच्या किंवा शेतकऱ्याच्या पट्टीत मिसळला गेला असेल तर तो आधी वेगळा काढावा.

आकडा कसा काढायचा

३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारणेनंतर कर व फी नियमांनुसार आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचे क्षेत्रफळ गुणिले वार्षिक मूल्यदर, अधिक इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (इमारत जुनी होईल तसे मूल्य कमी करणारा गुणक), या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे. निवासी वापरासाठी १, औद्योगिकसाठी १.२०, वाणिज्यिकसाठी १.२५. आलेल्या भांडवली मूल्यावर ग्रामपंचायतीने नियमांच्या मर्यादेत ठरवलेला दरहजारी दर लागतो.

समजा, एका वीज कंपनीची २,००० चौरस मीटर बिनशेती जागा आहे आणि तिचा दर ४०० रुपये आहे. जमिनीचे मूल्य ८,००,००० रुपये. तिच्यावर ५०० चौरस मीटरची पक्की इमारत, बांधकामाचा दर १८,००० रुपये आणि घसारा ०.८० धरला तर इमारतीचे मूल्य ७२,००,००० रुपये. बेरीज ८०,००,०००; औद्योगिक भारांक लावून ९६,००,०००. दर हजारी १ रुपया ५० पैसे धरल्यास वार्षिक कर १४,४०० रुपये होतो. हीच इमारत वाणिज्यिक रकान्यात टाकली तर १५,००० रुपये. फरक ६०० रुपयांचा, पण कंपनीच्या आक्षेपाला दार त्यातूनच उघडते, म्हणून भारांक का निवडला याचे एक वाक्य स्थळपाहणीच्या टिपणात असावे. मूल्यदर तक्त्याचे वर्ष, पान आणि विभाग क्रमांकही तिथेच लिहावा.

मागील आकारणीच्या तुलनेत वाढ का झाली हे सांगता आले पाहिजे: तक्त्यातील दर वाढला, नवे बांधकाम झाले, की आधी नोंद अपुरी होती. मोठ्या जमीनधारकाच्या आक्षेप अर्जात पहिला प्रश्न हाच असतो.

नोटीस, हरकती, ठराव

प्रारूप यादी प्रसिद्ध करून हरकतींसाठी मुदत द्यावी, संस्थेला नोटीस पोच घेऊन बजावावी, सुनावणीचे इतिवृत्त ठेवावे आणि हरकत मान्य वा अमान्य करताना कारण लिहावे. ‘सर्वानुमते अमान्य’ एवढे दोन शब्द अपिलात टिकत नाहीत. त्यानंतर नमुना ८ अंतिम करून नमुना ९ मध्ये मागणी घ्यावी आणि नमुना ९-क ची बिले द्यावीत. आकारणीविरुद्ध अपील पंचायत समितीकडे आणि पुढचे अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाते. जळगाव आणि धुळे महानगरपालिकांच्या हद्दीत मात्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४०६ लागू होते. तिथे अपील न्यायाधीशांकडे, १५ दिवसांत आणि कराची रक्कम भरून करावे लागते.

ठोक अंशदानाचा करार

भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या मोठ्या औष्णिक वीज केंद्राची जागा एकाहून अधिक गावांच्या शिवारात पसरलेली असते, राखेचे तळे तिसऱ्याच गावात असते, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला फक्त आपल्या हद्दीतील भागाचीच आकारणी करता येते. अशा ठिकाणी ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १२५ उपयोगी पडते. सर्व किंवा काही करांऐवजी कारखान्याकडून ठोक रक्कम घेण्याचा करार त्याखाली पूर्वमंजुरीने करता येतो. गावाला ठरलेल्या तारखेला पैसा मिळतो, कंपनीला दर इमारतीचा वाद टळतो. कलम कारखान्यांसाठी आहे, त्यामुळे पवनचक्क्यांच्या शिवाराला ते गृहीत धरू नये.

करारात गावे बहुधा एकाच ठिकाणी फसतात: रक्कम ठरते, पण ती कशावर ठरली हे लिहिलेले नसते. दीपनगरला जुन्या संचांनंतर ५०० मेगावॅटचे दोन आणि पुढे ६६० मेगावॅटचा संच उभा राहिला. प्रकल्प असा वाढत असताना करार जुन्याच बांधकामावर अडकून राहू नये म्हणून करारासोबत त्या दिवशीची बांधकामांची यादी क्षेत्रफळासह जोडावी, यादीबाहेरचे कोणतेही नवे बांधकाम स्वतंत्र आकारणीस पात्र राहील असे कलम घालावे, दरवर्षीच्या वाढीचे प्रमाण लिहावे आणि मुदत चार वर्षांच्या आकारणी चक्राशी जुळवावी. एकापेक्षा जास्त गावांचा संबंध असेल तर त्यांनी आधी आपसांत हद्दीची मोजणी पूर्ण करून, क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी लिहून, मगच कंपनीसमोर एकत्र बसावे. कंपनीने भरलेला कर पुढे वीजदराच्या हिशोबात येतो, हेही सदस्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

वसुलीत रेल्वेच्या मालमत्तेवर जप्तीचा विचार करू नये. तिथे करार नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत विषय घेऊन पाठपुरावा करणे हाच मार्ग आहे. कंपन्या आणि भाडेपट्टाधारकांबाबत मात्र बिल, मागणी लेख आणि त्यानंतर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ ची वसुलीची कारवाई हा क्रम न चुकता पाळावा. पूर्वी रेल्वेच्या नावाने चढवलेली कराची मागणी नमुना ९ मध्ये तशीच राहिली असेल तर तिचे काय करायचे हे लेखापरीक्षणाच्या आधी ठरवावे: गटविकास अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन लेखी मागवून, सक्षम मंजुरीने ती रक्कम कमी करावी, आणि त्याच महिन्यात सेवा शुल्काचा प्रस्ताव रेल्वेच्या योग्य विभागाकडे पोस्टाच्या पोचपावतीने पाठवावा.